नऊ एमएमच्या पिस्तुलाला .२२ चं किट घ्यावं का, आणि कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्ससमध्ये राहता, ग्रीन कार्ड झालंय, घरात नऊ एमएमची दोन पिस्तुलं आहेत, एक सीझेड एसपी-०१ आणि एक पाचव्या पिढीचं ग्लॉक १९. दर शनिवारी रेंजवर दीडशे गोळ्या होतात आणि खर्च डोईजड व्हायला लागलाय. पत्नीलाही शिकायचंय, पण पहिल्याच दिवशी नऊ एमएमच्या धक्क्याने त्या दचकल्या. तर .२२ चं कन्व्हर्जन किट, म्हणजे पिस्तुलाचा वरचा भाग बदलून त्यातून ०.२२ इंच व्यासाची छोटी, स्वस्त गोळी झाडायचा संच, घ्यावं का, घ्यायचं तर कुठल्या पिस्तुलाला, की सरळ .२२ चं वेगळं पिस्तूल आणावं?

माझा सल्ला आधी सांगतो, कारणं मागून. सीझेडला किट घ्या. ग्लॉकला घेऊ नका. त्या पैशांत थोडी भर घालून ग्लॉक ४४ किंवा दुसरं एखादं .२२ पिस्तूल घ्या. दोन्हींपैकी एकच सध्या परवडत असेल, तर पत्नीला शिकायचंय म्हणून वेगळं पिस्तूल आधी.

बहुतेक जण किटचा विचार पैशांपासून सुरू करतात, म्हणून तो हिशेब आधी उरकू. तुमच्या दुकानातला भाव घाला, मी नमुन्यादाखल आकडे धरतो. नऊ एमएमची गोळी २५ सेंट आणि .२२ ची आठ सेंट धरली तर एका गोळीमागे १७ सेंट वाचतात. किट ३५० डॉलरचं असेल तर सुमारे २,०५० गोळ्यांनी ते फिटतं. शनिवारच्या सगळ्या दीडशे गोळ्या .२२ च्या झाडल्या तर साधारण सव्वातीन महिन्यांत. हिशेब चोख आहे, पण वेगळ्या .२२ पिस्तुलालाही तो तितकाच लागू पडतो. टॉरस टीएक्स२२, रुगर मार्क ४, ब्राउनिंग बक मार्क यांची साधी मॉडेलं किटच्याच किमतीच्या आसपास मिळतात, आणि हातात एक पूर्ण पिस्तूल येतं. त्यामुळे नुसते पैसे वाचवायचे असतील तर किटचं पारडं जड होत नाही.

किट घ्यायचं खरं कारण ट्रिगर आहे. नेम बिघडतो तो बहुतेक वेळा ट्रिगर ओढताना. साइट (नेम धरायची खूण) बरोबर लागलेली असते, श्वास जागेवर असतो, आणि शेवटच्या क्षणी बोट झटका देतं किंवा धक्क्याच्या धास्तीने मनगट खाली जातं. ही सवय मोडायची तर तोच ट्रिगर, तीच मूठ, तेच वजन हातात धरून हजारो वेळा शांतपणे ओढायला हवा. किट घेतल्यावर पिस्तुलाची फ्रेम तुमचीच राहते, फक्त वरचा भाग, म्हणजे स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन बदलतं. बोटाला जो ट्रिगर ओळखीचा आहे तोच मिळतो. हे जर मिळणार नसेल, तर किटची बाकीची कटकट सोसायचं काही कारण उरत नाही.

इथेच तुमच्या दोन पिस्तुलांतला फरक येतो. सीझेडला हॅमर, म्हणजे फायरिंग पिनवर मागून आदळणारा घोडा, आहे. हॅमर, त्याला अडवून धरणारा सिअर, हॅमर स्प्रिंग, ट्रिगर बार हे सगळं फ्रेममध्ये बसलेलं असतं. वरचा भाग बदलला तरी ट्रिगरची ओढ, तो कुठे अडतो, कुठे सुटतो, सगळं जसंच्या तसं राहतं. बेरेटा ९२, सिगचं पी२२६, आणि १९११ नावाचं .४५ चं जुनं अमेरिकी पिस्तूल यांचंही असंच. ग्लॉकमध्ये हॅमर नाही, स्ट्रायकर (स्प्रिंगच्या जोराने थेट काडतुसावर आदळणारी पिन) आहे, आणि तो स्लाइडच्या पोटात असतो. ट्रिगर ओढताना तुम्ही त्या स्ट्रायकरला त्याच्या स्प्रिंगविरुद्ध मागे खेचत असता. किटमध्ये स्ट्रायकरही वेगळा आणि स्प्रिंगही वेगळी, म्हणून ओढही थोडी वेगळी लागते. वाईट नसते, पण 'तोच ट्रिगर' हा दावा तिथे अर्धाच खरा ठरतो. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायचे तीच अर्धी मिळत असेल, तर पूर्ण पिस्तूल घेतलेलं बरं. ग्लॉक ४४ तर आकाराने १९ च्याच मापाचं आहे, त्यामुळे मूठ आणि होल्स्टर दोन्ही जुळतात.

किट का अडखळतात हे समजलं की निवड सोपी होते, म्हणून यंत्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

नऊ एमएमसारख्या सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध प्रायमर, म्हणजे पेट घेणारी छोटी टिकली, असतो. .२२ सारख्या रिमफायरला तसा वेगळा प्रायमर नाही. पुंगळीच्या बुडाची जी बाहेर आलेली कड आहे, त्या कडेच्या आतच पेट घेणारा मसाला पसरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) काठावर चेपते आणि मसाला पेटतो. हा मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरेलच असं नाही, त्यामुळे .२२ ची एखादी गोळी न उडणं हे नवल नाही. चांगल्या कंपनीच्या गोळ्यांत प्रमाण कमी, मोठ्या डब्यात सुट्या भरून येणाऱ्या स्वस्त गोळ्यांत जास्त.

दुसरी गोष्ट ताकदीची. नऊ एमएमची नेहमीची गोळी १२४ ग्रेन, म्हणजे आठ ग्रॅम, आणि सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने जाते. .२२ ची गोळी ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, आणि पिस्तुलाच्या आखूड नळीतून तिचा वेग ३०० मीटरच्या आसपास. वजन गुणिले वेग असा हिशेब केला तर .२२ कडे स्लाइड मागे ढकलायला नऊ एमएमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जोर आहे. तुमच्या सीझेडची मूळ पोलादी स्लाइड आणि तिची स्प्रिंग त्या जोराने नीट मागे जाणार नाही. यावर कारखानदारांनी दोन वाटा काढल्या. एक, स्लाइड अॅल्युमिनियमची करून हलकी करायची. ग्लॉकसाठीची अॅडव्हान्टेज आर्म्सची किटं अशी असतात. दोन, वरचा भाग पोलादीच ठेवायचा, पण पुढचा भाग नळीसकट जागेवर पक्का करायचा आणि मागचा छोटा तुकडाच हलता ठेवायचा. सीझेडचं स्वतःचं कॅडेट किट या दुसऱ्या वाटेचं.

कॅडेटची बांधणी मला मनापासून आवडते. नळी हलत नाही आणि पुढची साइटही नळीला धरूनच राहते, त्यामुळे अचूकता सुरेख येते. पोलादी असल्यामुळे वजन मूळ पिस्तुलाच्या जवळ राहतं, हातात उचललं तर तोल ओळखीचा वाटतो. हलक्या अॅल्युमिनियमच्या स्लाइडने पिस्तूल पुढून हलकं होतं, आणि नेमका तोच बदल नवशिक्याला चुकीची सवय लावतो: हलकं पिस्तूल सैल मुठीतही स्थिर राहिल्यासारखं वाटतं, मग नऊ एमएम हातात आलं की मूठ उघडी पडते. कॅडेटमध्ये हा त्रास कमी. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते बाजारात सलग मिळत नाही, कधी असतं, कधी महिनोन् महिने नसतं. आणि काही फ्रेमांवर ते पहिल्या दिवशी घट्ट बसतं, स्लाइड स्टॉपच्या खिट्टीजवळ अडतं. तिथे स्वतः कानस चालवू नका. फ्रेम आणि किट दोन्ही घेऊन चांगल्या गनस्मिथकडे जा, त्याला ते हलक्या हाताने बसवता येईल. काही झालं तरी जे घासायचं ते किटचं, फ्रेमचं नाही.

ब्लोबॅक हा शब्द किटच्या माहितीत सतत दिसेल. नऊ एमएममध्ये दाब खाली येईपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या राहतात, मग सुटतात. .२२ चा दाब कमी असल्यामुळे असं अडकवायची गरज नसते, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागतं; यालाच ब्लोबॅक म्हणतात. पण याचाच अर्थ असा की चेंबर घाण असेल आणि काडतूस पुरतं आत बसलं नसेल, तर पुंगळीचा काही भाग बाहेर असताना ती फुटू शकते. हात जाणार नाही, पण पितळेचा तुकडा आणि गरम वायू बाजूने उडतो. म्हणून '.२२ तर आहे' असं म्हणून चष्मा काढून ठेवू नका. मी रेंजवर शिकवताना यावर कधीच सूट देत नाही.

आता गोळ्यांकडे येऊ, कारण माझ्या अनुभवात किटच्या तक्रारींपैकी मोठा वाटा किटचा नसतोच, गोळ्यांचा असतो. नऊ एमएमचं पिस्तूल जवळजवळ काहीही पचवतं. किट चोखंदळ असतं. हलक्या स्लाइडची किटं बहुधा जोरदार, म्हणजे हाय व्हेलॉसिटी गोळ्या मागतात. सीसीआयची मिनी-मॅग हे त्यातलं नेहमीचं नाव, ४० ग्रेन आणि रायफलच्या नळीतून सेकंदाला १,२३५ फूट. याउलट १९११ साठीची मार्वेल किंवा नेल्सनची स्पर्धेची किटं स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे साध्या वेगाच्या गोळ्यांवर जुळवलेली असतात, त्यांत जोरदार गोळ्या घालणं म्हणजे अचूकता घालवणं आणि झीज वाढवणं. शिवाय स्टिंगरसारख्या काही अतिवेगवान गोळ्यांची पुंगळी नेहमीच्या .२२ पेक्षा किंचित लांब असते. स्पर्धेसाठी घट्ट घडवलेल्या मॅच चेंबरच्या नळीत त्या घालू नयेत, बरेच कारखानदार तसं लिहूनच देतात. तेव्हा किट घ्यायच्या आधी त्याचं माहितीपत्रक उतरवून घ्या, शिफारस केलेली काडतुसं कोणती ते पाहा, आणि ती तुमच्या दुकानात बारमाही मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर ते किट तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो.

जुळणीबद्दल पिढीचा घोळ ग्लॉकवाल्यांना सर्वात जास्त नडतो. तिसऱ्या पिढीचं किट पाचव्या पिढीच्या फ्रेमवर चालेल असं धरून चालू नका, फ्रेमच्या आतले भाग बदललेले आहेत. विक्रेत्याचं 'फिट होईल' हे पुरेसं नाही, कारखान्याच्या यादीत तुमचं मॉडेल आणि पिढी दोन्ही छापलेली हवीत. १९११ मध्ये ७० आणि ८० मालिकेच्या फ्रेममध्ये फायरिंग पिनच्या सेफ्टीचा फरक आहे, आणि नऊ एमएमच्या १९११ चा इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग) .४५ पेक्षा वेगळा असतो. तुमच्याकडे १९११ नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्यांनी हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१९११ चा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण किटची कल्पना रुजली ती त्याच पिस्तुलावर. १९३१ मध्ये कोल्टने 'एस' (Ace) नावाचं १९११ च्या बांधणीचं .२२ पिस्तूल काढलं. त्या बांधणीत .२२ चा जोर अपुरा पडायचा. पुढे त्याच दशकात डेव्हिड मार्शल विल्यम्स यांच्या 'फ्लोटिंग चेंबर'ने यावर तोड काढली: चेंबरच वेगळा आणि सरकता करायचा, म्हणजे वायूचा दाब मोठ्या पृष्ठभागावर पडून स्लाइडला जोराचा धक्का बसतो आणि हाताला .४५ ची थोडी आठवण होते. सर्व्हिस एस आणि त्यामागून आलेलं कन्व्हर्जन युनिट या तत्त्वावर होतं. त्या सरकत्या चेंबरमध्ये शिसं आणि काजळी साचायची, वारंवार साफ करावं लागायचं. आजची किटं हा मार्ग सोडून हलक्या स्लाइडकडे वळली, पण साफसफाईची कटकट .२२ ने सोडलेली नाही.

अमेरिकेतल्या बुल्सआय स्पर्धांत ही किटं आजही जोरात आहेत, त्याला कारण स्पर्धेची रचना. तिथली पूर्ण स्पर्धा २,७०० गुणांची असते: ९० गोळ्या .२२ ने, ९० सेंटरफायरने, ९० .४५ ने, एका हाताने, ५० आणि २५ यार्डांवरून. .४५ चं पिस्तूल सेंटरफायरच्या फेरीतही चालतं. मग नेमबाज एकाच १९११ च्या फ्रेमवर .२२ चं किट चढवून पहिली फेरी मारतो आणि मूळ स्लाइड लावून उरलेल्या दोन. तिन्ही फेऱ्यांत एकच मूठ, एकच ट्रिगर. ऑलिंपिक धाटणीच्या नेमबाजीतही हा विचार आहे. वॉल्थर जीएसपीची बांधणीच अशी की एकाच फ्रेमवर .२२ आणि .३२ असे दोन्ही संच बसतात. भारतात २५ मीटर सेंटरफायर खेळणारे नेमबाज .३२ ने उतरतात, पण सरावाचा मोठा भाग .२२ वरच होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटरचं सुवर्ण घेतलं तेही .२२ नेच. .२२ ला पोरखेळ समजणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

कायद्याचं थोडक्यात, पण नीट वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात तुमच्या दोन्ही पिस्तुलांची फ्रेम म्हणजे बंदूक. अनुक्रमांक तिच्यावर असतो. स्लाइड, नळी, मॅगझिनचं किट हे सुटे भाग, ते डीलरकडे न जाता घरी येऊ शकतं. ग्लॉक ४४ मात्र स्वतंत्र बंदूक, तिला फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी लागणारच. राज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलाला खरेदीचा परवाना आधी काढावा लागतो, तिथल्या माणसाला किटची सोय तुमच्यापेक्षा जास्त वाटेल. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनची क्षमता आणि नळीच्या तोंडाचे आटे यांवर बंधनं आहेत, मागवण्याआधी बघा.

आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं म्हणजे व्हिसा. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, गोळ्याही बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे; अपवाद मोजके, त्यातला माहितीचा म्हणजे राज्याचा वैध शिकारीचा परवाना. किट बंदूक नसलं तरी त्यात घालायची .२२ ची गोळी या मनाईत येते. तुमचं ग्रीन कार्ड झालंय, पण पत्नी अजून व्हिसावर असतील तर त्यांच्या हातात पिस्तूल देण्याआधी वकिलाला विचारा. यात गडबड झाली तर इमिग्रेशनचं सगळं प्रकरण अंगाशी येतं.

आणि यातलं काहीही भारतात नेऊ नका. तिथल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात आणि नऊ एमएम हा सामान्यांना निषिद्ध बोअर आहे. सुट्टीला निघताना रेंजची बॅग वापरू नका. तिच्या शिवणीत अडकलेलं .२२ चं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या तपासणीत सापडलं तरी गुन्हा दाखल होतो, आणि ते इवलंसं काडतूस बॅगेत सहज लपून राहतं.

किट आलं की पहिल्याच दिवशी ते चांगलं की वाईट असं ठरवू नका. आधी घरी, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघून आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, किट चढवा. स्लाइड हाताने मागेपुढे करा, कुठे घासतं का बघा. सेफ्टी लागते का, ट्रिगर ओढून धरल्यावर स्लाइड मागे नेऊन सोडली की ट्रिगर पुन्हा बसतो का, रिकाम्या मॅगझिनवर स्लाइड मागे थांबते का, हे तपासा. शेवटचं काही किटांत मुळातच नसतं, सीझेडच्या कॅडेटमध्ये असतं. रिमफायरमध्ये रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढला तर पिन थेट चेंबरच्या काठावर आदळून काठाला खड्डा पडू शकतो. माहितीपत्रकात परवानगी नसेल तर असं ड्राय फायर करू नका, वरच्या तपासणीतही नाही. करायचंच असेल तर भिंतीत स्क्रू बसवायचे ते छोटे पिवळे प्लास्टिकचे अँकर चेंबरमध्ये घालतात, तशी इथे जुनी पद्धत आहे. चेपले की फेकून द्यायचे.

मॅगझिन भरताना घाई नको. .२२ च्या पुंगळीला कड असल्यामुळे एकीची कड दुसरीच्या मागे अडकू शकते. बाजूचं बटण पूर्ण खाली ओढून सगळ्या गोळ्या एकदम ओतल्या की त्या आत वाकड्यातिकड्या पडतात. बटण एका गोळीपुरतं खाली घ्या, गोळी आत सोडा, तिचं बूड मॅगझिनच्या पाठीला टेकलंय ते बघा, मग पुढची. पहिल्या दोन गोळ्या वाकड्या बसल्या तर सहावी-सातवी अडकणार हे नक्की, आणि लोक दोष किटला देतात.

पहिल्या दोनशे गोळ्या शिफारस केलेल्याच झाडा आणि काय अडलं ते वहीत लिहा. नुसतं 'जॅम' लिहून उपयोग नाही. पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये अडकली तर गोळीत जोर कमी, मूठ सैल किंवा चेंबर घाण. नवी गोळी चेंबरकडे जाणाऱ्या उताराशी अडली तर मॅगझिनकडे बघा. एकाच मॅगझिनमध्ये होत असेल तर त्यावर खूण करून बाजूला ठेवा. पिन आदळली, खूण पडली, पण उडाली नाही, तर पिस्तूल टार्गेटच्याच दिशेने धरून पूर्ण ३० सेकंद थांबा, मग काढा. खूण खोल असेल तर गोळी दोषी. उथळ असेल तर हॅमरचा फटका कमी पडतोय. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, टार्गेटवर भोक नाही, तर थांबा. पुढची गोळी झाडू नका. पिस्तूल रिकामं करून, स्लाइड उतरवून नळीतून आरपार प्रकाश दिसतो का ते बघा. आधीची गोळी नळीत अडकली असताना दुसरी झाडली की नळी फुगते.

उथळ खुणेबद्दल सीझेडवाल्यांना खास सांगायचंय. एसपी-०१ स्पर्धेसाठी तयार करून घेताना बरेच जण ट्रिगर हलका व्हावा म्हणून हॅमर स्प्रिंग हलकी बसवतात. नऊ एमएमचा मऊ प्रायमर त्यावर उडतो. रिमफायरची कड चेपायला मात्र जोर जास्त लागतो, आणि तीच फ्रेम, तीच हलकी स्प्रिंग किटखाली आली की दहातल्या दोन-तीन गोळ्या नुसत्या टिचतात. किट परत पाठवण्याआधी स्प्रिंग कारखान्याची लावून बघा.

साफसफाई नऊ एमएमपेक्षा जास्त वेळा करावी लागेल. .२२ च्या गोळीवर मेण किंवा तेलकट थर असतो, त्यात काजळी मिसळून चेंबरमध्ये घट्ट कडं तयार होतं. दर तीनशे-चारशे गोळ्यांनी चेंबरमधून ब्रश फिरवा, पुंगळी बाहेर खेचणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेतली काजळी दात घासायच्या ब्रशाने काढा. नळी मात्र रोज घासत बसू नका, तिला त्याची गरज नसते. .२२ च्या बऱ्याचशा गोळ्यांचं शिसं उघडंच असतं आणि मसाल्यातही शिसं असतं. बंदिस्त रेंजवर हवा खेळती नसेल तर ती रेंज बदला. घरी आल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी हातपाय धुवा, कपडे वेगळे धुवा.

सरावाबद्दल एवढंच: .२२ धक्का सांभाळायला शिकवत नाही. दुसरी गोळी किती लवकर नेमात येते हे नऊ एमएमवरच कळतं. शनिवारच्या दीडशेतल्या शंभर .२२ च्या करा आणि शेवटच्या पन्नास नऊ एमएमच्या, त्याच अंतरावर, त्याच टार्गेटवर. नऊ एमएमच्या भोकांचा गट मोठा झाला तर फरक धास्तीचा आहे. तेव्हा मॅगझिनमध्ये मधेच एखादं डमी काडतूस दुसऱ्याकडून भरून घ्या. डमीवर पिस्तुलाचं तोंड खाली डुचकलं की दोष डोळ्यांना दिसतो. पत्नीला मात्र पहिले काही आठवडे नऊ एमएम देऊच नका, त्या स्वतः मागेपर्यंत. किटची एक अडचण इथेही आहे: फ्रेम एकच, म्हणजे एका वेळी एकालाच झाडता येतं. वेगळं पिस्तूल आधी घ्या म्हणालो ते यासाठीही.

सीझेड घराच्या संरक्षणासाठी ठेवत असाल तर रेंजवरून निघण्याआधीच किट उतरवून मूळ स्लाइड चढवा, वर सांगितलेली तपासणी करा आणि मगच तिजोरीत ठेवा.

मॅगझिनं किटसोबतच जास्तीची दोन मागवा. ती त्याच किटची लागतात, नंतर सुटी शोधणं जिकिरीचं होतं. आणि ऑर्डर देण्याआधी मला दोन गोष्टी कळवा: एसपी-०१ ची हॅमर स्प्रिंग मूळची आहे की बदललेली, आणि नऊ एमएमवर तुम्ही साधी साइट वापरता की रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट). डॉट वापरत असाल तर किटवरही तो बसायला हवा, नाहीतर डोळ्याला दोन वेगळ्या सवयी लागतील, आणि त्यासाठी माउंटची वेगळी व्यवस्था बघावी लागेल.